करंगळीनं सरकल्यालं दार

मी शेळगावचा. इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. ऱ्हायला बारामतीला हाय, धंदा बी बारामतीलाच, पन कुनी इचारलं गाव कोनचं तर तोंडात शेळगावच येतं. काम माझं स्लायडिंगचं. बंगल्याच्या मागच्या अंगाला मोठं काचेचं सरकतं दार असतं न्हवं का, त्ये बसवायचं, आन् त्याच्या खालची चाकं झिजली की ती बदलायची. एकवीस वर्सं झाली ह्या कामाला. माझ्या हातचं दार करंगळीनं सरकलं पायजे, असा माझा नेम हाय. काम झालं की मी घरच्या बाईला पुडं बोलवतो, म्हनतो, ताई, करंगळी लावा, सगळा हात लावू नगा, आन् दार गेलं न्हाय तर माझं नाव बदला. आजपतूर कुनी बदललं न्हाय.

काय सांगू तुमाला, कुनाचं काम चुकतं आन् त्यातनं वाटोळं होतं. माझं उलटं झालं. मी काम चांगलं केलं, आन् त्या चांगल्या कामापायी माझा बाप गेला. ह्ये आदीच सांगून टाकतो, म्हंजी पुडं बोलता बोलता मी गप झालो तर तुमाला कळंल कशापायी गप झालो.

माझे वडील, आमी आबा म्हनायचो, त्ये पाटकरी. आता शहरातल्या मानसाला पाटकरी कळत न्हाय. कालव्याचं पानी चारीला सोडायचं, चारीचं लोखंडी गेट चाक फिरवून उचलायचं, कुनाची पाळी किती तास, त्याच्या मागं कुनाची, ह्ये समदं बगनारा मानूस म्हंजी पाटकरी. आमच्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला, पन त्याच्या आदीचं त्यो सांगायचा, की इहिरीवर भांडं घिऊन उनात उबं ऱ्हायचं, कुनी वाडलं तर पानी, न्हाय तर माघारी. त्याच गावात, बगा, त्याचा पोरगा पानी सोडायचा. मोठमोठे बागायतदार पहाटंच सायकल आडवी लावून आबांची वाट बगायचे, आबा, आमची पाळी कवा, आबा, द्राक्षं जळाया लागली. आन् आबा खिशातनं हात बी न काडता सांगायचे, तुजी गुरुवारी सकाळी, तुज्या आदी अमक्याचा ऊस हाय साडेतीन तास. सरकारी वही असायची की, पन ती उगडल्याली मी कदी बगितली न्हाय. सारं शिवार त्यांच्या डोक्यात. त्या डोक्याचा आबांना अभिमान व्हता, आन् खरं सांगायचं तर आमाला बी व्हता.

एक सवय व्हती त्यांची. गेटवर चडायच्या आदी पायातल्या चपला काडून कडंला जोडीनं ठिवायचे. मी ल्हान असताना इचारलं व्हतं, आबा, हितं देव हाय का? तर हसले, म्हनले, देव न्हाय लेका, वल्या लोखंडावर चप्पल सरकती. म्हनून काडायची.

आता दाराचं ऐका. भिगवणला हायवेला एक हाटेल व्हतं, मागं समदं धरनाचं पानी, मासं खाया लोकं पुन्यावरनं यायची. मालकानं हाटेल नवं करायला काडलं आन् मागचं काचेचं दार मला काडायला सांगितलं. दोन पल्ल्यांचं, जाड काचेचं, उचलायला चार मानसं लागायची येवडं वजन. मालक म्हनला, तुज्या उपेगाचं असलं तर घिऊन जा, न्हाय तर फोडून टाक. मी टेम्पो आनला आन् सरळ शेळगावला गेलो. आबा तवा रिटायर झाल्याले. घर आमचं दोन खोल्यांचं, मागं पत्र्याची पडवी आन् म्हशीचा गोठा, आन् त्याला ह्ये असलं हाटेलाचं दार. आय म्हनली, नाकापरास मोती जड झाला रं ह्यो. पन आबांना लई हौस वाटली. म्होरली भीत फोडली, दार बसवलं, आन् आबांची खुर्ची त्याच्या समूर ठिवली. घरात बसून चारी दिसायची, गेट दिसायचं, पानी आलं गेलं कळायचं. गावातली बारकी पोरं काचेला नाक लावून आत बगायची आन् आय रोज कागदानं त्यांची नाकं पुसायची. आबा सांगायचे ज्याला त्याला, माझ्या पोरानं भिगवनच्या पान्याचं दार मला आनून दिलं, आता मी घरी बसून ड्युटी करतो.

पन गावची माती तुमाला ठावं हाय. समोरनं ट्रॅक्टर गेला की वंजळीनं धूळ घरात. ती बसती खालच्या पट्टीत, आन् चाकं त्या धुळीवर फिरून फिरून चपटी होत्यात. शहरातली लोकं काय करत्यात, वाजलं दार की त्यल वततात. अरं बाबा, त्यलावर आनखी धूळ बसती, तिचा होतो चिखल, मंग बोलव मला. तर आमचं दार बी चार पाच वर्सात वाजायला लागलं. वाजायला म्हंजी कसं, आदी करर्र करायचं, मंग मधी अडायचं, जोर लावला की धाडकन जायचं. मागं गोठ्यापतूर आवाज. मी पंधरा दिवसांनी रैवारी घरी जायचो, आन् त्यो आवाज ऐकला की मला मेल्याहून मेल्यागत व्हायचं. सगळ्या बारामतीची दारं करंगळीनं, आन् बापाचं दार बैलानं वडल्यागत. दिव्याखाली अंधार म्हनत्यात त्यो ह्योच.

मी दर खेपंला म्हनायचो, आये, चाकं बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम. ती म्हनायची, ऱ्हाऊ दे रं. वाजू दे. एक दिस सुट्टीचा, निवांत जेव, झोप. दर खेपंला ह्येच. मला वाटायचं माया हाय, पोराला दगदग नगो म्हनून म्हनती. दोन वर्सं मी त्ये तसंच धरून चाललो.

आनखी एक ऐका, ह्ये नीट ध्यानात ठिवा. आबांनी दार वडलं की त्यो आवाज व्हायचा, आन् आय मागं गोठ्यात असली, चुलीम्होरं असली, कुटं बी असली तरी तिथनं मोठ्यानं म्हनायची, पाळी न्हाय आज, बसा. मंग दार परत करर्र करून लागायचं, आन् आबा खुर्चीवर येऊन बसायचे. दिसातनं चार चार येळा. माझी बायको मनीषा हसायची, म्हनायची, बगा, म्हाताराम्हातारीचा खेळ कसा रंगलाय. मी बी हसायचो. पाळी न्हाय आज, बसा. रिटायर मानसाची बायकू चेष्टा करती, असं मला वाटायचं. एकदा मनीषा बोलली बी मला, आबांनी मला जेवताना दोनदा इचारलं, कवा आलीस म्हनून. मी म्हनलो, वय झालं, आता काय तुज्यावर ध्यान ठिवून बसत्यात का ते. तितंच इषय संपवला मी.

मंग त्यो शनवार. आयला डोळं दाखवायला इंदापूरला जायचं व्हतं, शेजारच्या बायकांबरूबर. तिनं दोन दिस आदीच फोन केला, म्हनली, तू येऊन बस आबांजवळ. मी म्हनलो, त्यात बसायचं काय, ते काय बारकं पोर हायत का? तर म्हनली, ये की रं, म्हातारी सांगती तर. मी गेलो. जाताना दारातनं परत वळली, म्हनली, उठून कुटं जाऊ नगंस हां. मी म्हनलो, जा तू.

आता मोकळं बसनं माझ्या हाडात न्हाय. गाडीच्या डिकीत वरकुट्याच्या एका बंगल्याची चार चाकं उरल्याली व्हती, भारीतली, बेअरिंगची. म्हनलं, आय यायच्या आत दार करून टाकतो. येऊन बगंल तर खूस व्हईल.

म्हनून मी काम काडलं. पल्ला वर उचलून खालच्या पट्टीतनं सोडवला, पोत्यावर आडवा केला. आबांना खुर्ची जवळ वडून दिली, स्क्रू काडंल तसा त्यांच्या तळहातावर ठिवत गेलो, आन् त्यांनी मूठ अशी धरली जनू सोन्याचे मनी हायती. जुनी चाकं बाहीर आली. एका अंगानं पार चपटी. आन् चाकाच्या मधल्या आसाला काय गुंडाळल्यालं, तर आयचे पांडरे केस आन् आबांच्या धोतराचा दोरा. किती वर्सांचं गुंडाळल्यालं, कुनाला ठावं. मी ब्लेडनं कापून काडलं आन् फुकलं. नवी चाकं बसवली, पट्टी ब्रशनं साफ केली, पल्ला चडवला, स्क्रू फिरवून दोन्ही अंगं एका लायनीत आनली. असं काम झालं म्हंता! म्हनलं, आबा, या हिकडं, करंगळी लावा.

त्यांनी करंगळी लावली. दार गेलं. पान्यावर पान जातं तसं. आबा बारक्या पोरागत हसले. परत लावली, परत गेलं. धा येळा तरी केलं असंल. मंग माझ्याकडं बगून म्हनले, आता दार उगडलं तर कुनाला कळायचं बी न्हाय. मला वाटलं, कामाची तारीफ केली. मी त्यांच्या पाया पडलो. काय सांगू तुमाला, बापानं कामाची तारीफ करायची ती पैलीच बारी.

सांजच्याला आय आली. मी म्हनलो, करंगळी लाव. तिनं लावली. दार गेलं आन् ती तशीच उबी. मला वाटलं, डोळ्यात थेंब टाकल्यात म्हनून दिसंना. म्हनलो, आये, बग की. म्हनली, लई छान झालं रं बाबा. मंग जरा येळानं म्हनली, जुनी चाकं कुटं टाकलीस? मी म्हनलो, पिशवीत हायत, भंगारात जातील. म्हनली, ठिवून जा. म्हाताऱ्या मानसांना काय बी टाकवत न्हाय, म्हनून ठिवली मी. मंग म्हनली, थोडं वाजायला पायजे व्हतं. मी खो खो हसलो. म्हनलो, सगळ्या बाया म्हनत्यात वाजू नये, तूच एक वाजायला पायजे म्हननारी. ती बी हसली. पुडं बोलली न्हाय. कशी बोलंल? आबा समूर बसल्याले.

मंगळवारी मी बारामतीत तिसऱ्या मजल्यावर बालकनीचं दार बसवत व्हतो. दुपारचं तीनचं टायम. शेजारच्या दत्तूचा फोन आला, म्हनला, भाऊ, असशील तसा ये. मी म्हनलो, आबा का?   म्हनला, चारीत गावले.

आय मागं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्याली, कान दाराकडं. दोन वर्सं कान दाराकडंच व्हता तिचा. दार आता वाजत न्हाय ह्ये ठावं असून बी, सवयीनं, दार वाजलं न्हाय म्हंजी आबा झोपल्यात, असं तिनं धरलं. बरं वाटलं तिला, की आज मानूस निवांत झोपलाय. अर्ध पोतं शेंगा झाल्या तिच्या. मंग चहाला उठवाया आत गेली, तर खुर्ची मोकळी आन् दार सताड उगडं.

दत्तूनं मला गेटपाशी नेलं. कडंला आबांच्या चपला व्हत्या. जोडीनं. तेवडं बगितलं आन् मी खाली बसलो. सगळं इसरलेला मानूस, पोराची बायकू कवा आली ते इसरलेला, पन वल्या लोखंडावर चप्पल सरकती ह्ये इसरला न्हाय. आन् तरी पाय सरकला. आन् ऐका, त्या दिवशी चारीला खरंच पानी व्हतं. नव्या पाटकऱ्यानं सकाळीच गेट उचलल्यालं. दोन वर्सं आय म्हनत आली पाळी न्हाय आज, आन् त्या एका दिवशी पाळी व्हती. घरात बसून आबांनी काचेतनं पानी बगितलं असंल आन् ड्युटीवर निगाले असतील. करंगळी लावून.

आबांच्या जलदानाचा कार्यक्रम झाला, पावनी गेली, तवा आय बोलली. म्हनली, दोन वर्सं झाली, त्यांना पाळीचं खूळ लागल्यालं. उठायचं आन् गेटाकडं निगायचं. दार वाजलं की मी हाळी द्यायची, पाळी न्हाय आज, बसा, की ते बसायचे. माझं ऐकायचे. पाळी न्हाय म्हनलं की पटायचं त्यांना. मी म्हनलो, आन् ह्ये मला सांगितलं न्हाय तू? मी वरडलो तिच्यावर. मेल्याली मानसं ऐकतील असा वरडलो. म्हनलो, एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी त्या दाराला हात लावला असता का! ती म्हनली, त्यांनी माझ्याकडनं शब्द घेतला व्हता. म्हनले व्हते, सारं शिवार ह्या डोक्यात मावत व्हतं, आता चहा प्यालो का न्हाय ते आठवंना, पोरांना कळू दिऊ नगो. जवर कळत व्हतं तवाच म्हनले. मंग मी कशी सांगू?

मंग आनखी एक सांगितलं तिनं. रैवारी मी बारामतीला निगून गेल्यावर तिनं म्हशीच्या गळ्यातली घंटी काडून दाराच्या मुठीला बांदली. आबांनी बगितली. म्हनले, मी काय जनावर हाय का? त्या टायमाला नेमकं त्यांचं डोकं ठिकानावर व्हतं. आय म्हनली, मला लाज वाटली रं, मी सोडून टाकली. माझ्या मनात व्हतं, पुडच्या खेपंला तू आलास की तुला एका कडंला घिऊन सांगायचं, चाकं परत घाल म्हनून. पंधरा दिसात काय व्हतंय, असं वाटलं.

मी रडलो का, तर न्हाय. रडू आलंच न्हाय लई दिवस. मंग एका गिऱ्हाइकाच्या घरी पल्ला आडवा केला, चाक काडलं, आन् आसाला कुनाचे तरी पांडरे केस गुंडाळल्याले. तितं रडलो. ती बाई घाबरली, पानी घिऊन आली. म्हनली, भाऊ, काय लागलं का हाताला?

आता मी कुटं बी चाकं बदलाया गेलो की आदी इचारतो, घरात कोन कोन हाय, म्हातारं मानूस हाय का, ह्या आवाजाचा कुनाला उपेग हाय का. लोकं बगत्यात माझ्याकडं, म्हनत्यात, मिस्त्री काय बी इचारतो. इचारू द्या मला. एकवीस वर्सं मी दार बगितलं, घर बगितलं न्हाय.

आयला म्हनलो, चल बारामतीला. येत न्हाय. म्हनती, म्हस कुनाला देऊ? मी आता दर रैवारी जातो. मागच्या महिन्यात म्हनली, ती चाकं डब्यात हायती, घाल परत. मी म्हनलो, आता कशाला, आये? म्हनली, घर लई गप झालंय. मंग मी माझ्या हातानं चांगली चाकं काडली आन् चपटी घातली. एवड्या वर्सात येकच काम मी बिघडवून दिलं असंल, ते ह्ये. ओढून बगितलं. करर्र केलं, मधी अडलं, धाडकन गेलं. आयनं मान हलवली, म्हनली, आता बरं झालं.

ह्या रैवारची गोष्ट. जेवन झालं, दुपारचं एक टायम असंल, बारामतीला काम व्हतं म्हनून लवकर निगायचं व्हतं मला. आय मागं गोठ्यात. मी पिशवी उचलली, दार वडलं, करर्र झालं. आन् मागनं आवाज आला, सवयीचा, तसाच मोठ्यानं. पाळी न्हाय आज, बसा.

मंग मागं सगळं गप झालं. म्हशीच्या घंटीचा बी आवाज न्हाय. तिच्या ध्यानात आलं असंल. मी पाय भाईर टाकला व्हता, त्यो माघारी घेतला. दार परत वडून लावलं, पिशवी खाली ठिवली, आबांच्या खुर्चीवर जाऊन बसलो. आन् मागं तिला ऐकू जाईल येवड्या आवाजात म्हनलो, व्हय, बसलो.